डेस्ट्रीच्या कमरेला पिस्तूल का नाही?

बॉटलनेक गावात केंट नावाच्या माणसाचा शब्द चालतो. गावातला मोठा दारूचा गुत्ता त्याचा, वरच्या मजल्यावरचा पत्त्यांचा डाव त्याचा, आणि गावचा मेयर, जो न्यायाधीशही आहे, तोही त्याचाच. लेम क्लॅगेट नावाचा शेतकरी एका रात्री डावाला बसतो. गुत्त्यात गाणारी फ्रेंची त्याच्या अंगावर कॉफी सांडते. तो उठून कपडे झटकेपर्यंत पत्ते बदललेले असतात आणि क्लॅगेटची जमीन केंटच्या नावावर होते. शेरीफ किओ जाब विचारायला जिना चढतो, तो परत खाली उतरत नाही. शेरीफ गाव सोडून गेले, असं मेयर जाहीर करतो आणि त्यांच्या जागी गावातल्या नामांकित बेवड्याला, वॉश डिम्सडेलला नेमतो. सगळा गुत्ता पोट धरून हसतो.

हा १९३९ सालचा ‘डेस्ट्री राइड्स अगेन’, दिग्दर्शक जॉर्ज मार्शल. त्या थट्टेनं वॉश मात्र शुद्धीवर येतो. तो दारू सोडतो आणि ज्या गाजलेल्या शेरीफच्या हाताखाली आपण कधीकाळी काम केलं, त्याच्या मुलाला, टॉम डेस्ट्रीला, मदतीला बोलावतो. घोडागाडी येते तेव्हा गाव वाघ बघायला जमलेलं असतं. गाडीतून जेम्स स्ट्युअर्ट उतरतो. हातात सहप्रवासी मुलीची छत्री आणि पक्ष्याचा पिंजरा, कमरेला काहीच नाही.

आमच्या घरात या चित्रपटावरून दोन तट आहेत. एका बाजूला आमचे हे, जन्मभर फौजदारी वकिली केलेले. दुसऱ्या बाजूला पुतणी रेवा, ती महाविद्यालयात सिनेमा शिकवते. दोघांनाही चित्रपट आवडतो, पण दोघांना दोन वेगळे चित्रपट दिसतात. त्यांचा वाद जसा झाला तसा देते. मध्ये मध्ये माझं नाक खुपसणं आहेच.

वकीलसाहेब: तू केंटकडे नीट बघ. पिस्तूलवाले त्याच्या पदरी ढीगभर आहेत, पण त्याचा खरा कारभार कागदावर चालतो. क्लॅगेटची जमीन त्यानं लुटलेली नाही, डावात जिंकली आहे. कागद आहे, साक्षीदार आहेत. दरीतली आडवी पट्टी एकदा हातात आली की गुरं पलीकडे न्यायची तर माणसी नव्हे, गुरामागे पैसे. याला दरोडा कोण म्हणेल? हा नाका आहे. अशा माणसाला गोळी घातली तर माणूस मरेल, खरेदीखत मरणार नाही. डेस्ट्रीला हे पहिल्या दिवशी कळतं. म्हणून तो मला आवडतो.

रेवा: आणि कळल्यावर तो करतो काय? क्लॅगेटची बायको बंदूक घेऊन आपलं घर राखत असते, आणि तुमचा डेस्ट्री तिला गोड बोलून घराबाहेर काढतो. का, तर केंटकडे कागद आहे! काका, त्या प्रसंगात मला केंटपेक्षा डेस्ट्रीचा राग येतो. केंट निदान चोर आहे. हा चोराचा बेलिफ झाला.

वकीलसाहेब: मला तोच प्रसंग सगळ्यात प्रौढ वाटतो. कागद खोटा आहे हे त्याला वाटतं, पण सिद्ध झालेलं नाही. आपल्याला पटेल तेव्हा कागद मानायचा आणि पटणार नाही तेव्हा फाडायचा, हे केंटही करतोच की. मग दोघांत फरक काय राहिला? डेस्ट्री म्हणतो, आज घर सोडा, मी कागदाच्या मुळाशी जातो. कागदाच्या मुळाशी किओचा खून आहे. खून शाबीत झाला की कागद आपोआप गळून पडतो.

रेवा: आणि तोवर क्लॅगेटची पोरं कुठे झोपणार?

याला वकीलसाहेबांकडे उत्तर नव्हतं, कोर्टात कुणाकडेच नसतं. मला इथे आपला ‘सामना’ चित्रपट आठवला. तिथेही एक दारुडा आहे, तिथेही गायब झालेल्या माणसाबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि तो प्रश्न ऐकून गावच्या धन्याची झोप उडते. डेस्ट्री हेच करतो. शेरीफ किओ कुठे गेला, हे तो जाता येता, हसत, नॅपकिन अडकवायच्या लाकडी रिंगा कोरत विचारतो. धमकी देत नाही. विचारतो फक्त.

वकीलसाहेब: त्या प्रेताच्या शोधाचं दृश्य म्हणजे उलटतपासणीचा वस्तुपाठ आहे. प्रेत कुठे पुरलंय हे डेस्ट्रीला माहीत नाही. तो केंटच्या माणसांसमोर एवढंच सोडून देतो की प्रेत सापडलंय, चांगल्या अवस्थेत आहे. गुन्हेगाराला खात्री करून घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा माणूस बघायला जातो आणि मागोमाग हे. साक्षीदार नाही, मार नाही, गोळी नाही. पुरावा आरोपीनंच दाखवला.

रेवा: दृश्य झकास आहे, मान्य. पण पुढचं बोला ना. आरोपी सापडला, आता खटला कुणापुढे? मेयर स्लेडपुढे, म्हणजे केंटपुढेच. म्हणून डेस्ट्री गुपचूप बाहेरून केंद्र सरकारचा न्यायाधीश मागवतो. गुपित फुटतं. केंटची माणसं तुरुंगावर चालून येतात आणि वॉश मरतो. तुमच्या कायद्याची वाट बघताना मरतो, काका. मग डेस्ट्री जाऊन पिस्तूल बांधतो. चित्रपटच सांगतोय की पहिली पद्धत फसली.

वकीलसाहेब: चित्रपट ते सांगत नाही, तिकीटबारी सांगते. शेवटी नायकानं पिस्तूल उचललं नाही तर प्रेक्षक खुर्च्या मोडतील, हे युनिव्हर्सल स्टुडिओला माहीत होतं.

रेवा: हे पळवाट काढणं झालं. जो भाग आवडला तो दिग्दर्शकाचा, नाही आवडला तो तिकीटबारीचा? आणि पिस्तूल शेवटी येतं असं तरी कुठे आहे? सुरुवातीलाच गावात गोळीबार करत सुटलेल्या टोळक्यासमोर डेस्ट्री त्यांचंच पिस्तूल मागून घेतो आणि पाटीवरच्या लाकडी गोट्या एकेक करून उडवतो. निरोप स्पष्ट आहे: मला येत नाही म्हणून मी वापरत नाही असं समजू नका. त्यानंतर तो जे हळू बोलतो, गोष्टी सांगतो, हसतो, ते सगळं त्या नेमबाजीच्या जिवावर. ज्याला नेम साधता येत नाही अशा गरीब मास्तरानं तेच बोलून बघावं बॉटलनेकमध्ये!

वकीलसाहेब: पण त्याच्या बापाची गोष्ट विसरतेस. बाप केवढा मोठा पिस्तूलवाला, कमरेला पिस्तूल होतं, आणि मेला पाठीत गोळी खाऊन. पिस्तूल कामी आलं नाही. मुलाचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका पाठीतून आलंय. पिस्तूल समोरच्या माणसाला थांबवतं. केंटसारखा माणूस समोरून येतच नाही.

रेवा: आणि वॉशलाही पाठीतच गोळी लागते. म्हणजे दोन्ही पद्धतींची पाठ उघडीच!

इथे वकीलसाहेबांनी चित्रपट बाजूला ठेवला आणि इतिहास काढला. हरायला लागले की ते नजीर शोधतात, हे मला लग्नापासून माहीत आहे. पण नजीर जोरदार निघाली.

वकीलसाहेब: खरी पश्चिम घे. न्यू मेक्सिकोतली लिंकन काउंटी, साल १८७८. लॉरेन्स मर्फी आणि जेम्स डोलन यांचं दुकान, लोक त्याला नुसतं ‘द हाउस’ म्हणायचे. शेतकऱ्याला उधारी तिथून, माल तिथून, आणि फोर्ट स्टॅंटनच्या लष्कराला गोमांस पुरवायचं कंत्राटही त्यांचंच. शेरीफ विल्यम ब्रेडी त्यांच्या बाजूचा. जॉन टन्स्टॉल नावाचा तरुण इंग्रज आला, त्यानं अलेक्झांडर मॅकस्वीन या वकिलाच्या साथीनं समोर दुसरं दुकान काढलं. गुन्हा एवढाच, स्पर्धा केली. १८ फेब्रुवारीला टन्स्टॉलला ठार मारलं. मारणाऱ्यांच्या हातात काय होतं, सांग.

रेवा: बंदुका.

वकीलसाहेब: जप्तीचा हुकूम! कोर्टाचा, सहीशिक्क्याचा. शेरीफनं पाठवलेली तुकडी होती ती, मालमत्ता जप्त करायला निघालेली.

रेवा: मग काका, ही नजीर माझ्या बाजूची झाली. कायदाच खुनी होता. अशा वेळी बंदूक उचलणाऱ्यांना काय म्हणाल?

वकीलसाहेब: थांब, पुढे ऐक. टन्स्टॉलच्या माणसांनी ‘रेग्युलेटर्स’ नावाची टोळी काढली. बिली द किड त्यातलाच. त्यांच्याकडेही वॉरंट होतं, गावातल्या दुसऱ्या न्यायाधीशानं दिलेलं. म्हणजे एका गावात दोन कायदे, दोन्हीकडे बंदुका. १ एप्रिलला भर रस्त्यात दबा धरून त्यांनी शेरीफ ब्रेडीला मारलं. तुझ्या हिशेबानं धन्याचा हात तोडला. निकाल काय लागला? जुलैत पाच दिवस गोळीबार चालला, लष्कर तोफ घेऊन आलं आणि मॅकस्वीनच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलं, घर पेटवलं गेलं, वकील मेला. डोलनला शिक्षा झाली नाही. दुकानदार मेला, वकील मेला, शेरीफ मेला, धनी सुखरूप.

रेवा: म्हणजे कायदाही हरला आणि बंदूकही हरली.

वकीलसाहेब: लिंकनमध्ये, हो.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मी चहा टाकला. (लिंकनच्या या यादवीवर जॉन वेननं १९७०मध्ये ‘चिझम’ केला. त्यात धनी शेवटी रीतसर मरतो. सिनेमावाल्यांना धन्याला जिवंत ठेवणं परवडत नाही.)

रेवा: बरं, १९३९ सालाबद्दल बोलू या. तेच वर्ष, तोच जेम्स स्ट्युअर्ट. ऑक्टोबरमध्ये फ्रँक काप्राचा ‘मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’. तिथे गावच्या नाही, अख्ख्या राज्याच्या धन्याशी, जिम टेलरशी झुंज आहे. वर्तमानपत्रं टेलरची, सिनेटर टेलरचा. स्मिथकडे फक्त आवाज आहे, तो कोसळेपर्यंत बोलत राहतो. आणि वर्षाच्या अखेरीला ‘डेस्ट्री’. दोन्हींच्या आधी, सप्टेंबरात, युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिका बाहेर उभी, हात खिशात. अशा वेळी कमरेला पिस्तूल न बांधणारा नायक येतो, आणि शेवटी बांधतो. त्या साली तिकीट काढून बसलेल्या माणसाला ही निव्वळ काउबॉयची गोष्ट वाटली असेल?

वकीलसाहेब: हे तुम्ही शिकवणारे लोक नंतर चिकटवता.

रेवा: थोडं चिकटवतो, खरं आहे. पण स्ट्युअर्ट १९४१च्या मार्चमध्ये, पर्ल हार्बरच्या आधीच, सैन्यात गेला आणि पुढे जर्मनीवर बॉम्बफेकी विमानं घेऊन गेला. फ्रेंची झालेली मार्लीन डीट्रिश जर्मन, १९३९मध्येच अमेरिकी नागरिक झालेली. नाझींनी बोलावलं तरी परत गेली नाही. युद्धात दोस्त सैनिकांपुढे जाऊन तिनं याच चित्रपटातलं गुत्त्याचं गाणं गायलं. मी अर्थ लादत नाही, या दोघांनी स्वतः पिस्तूल बांधलं एवढंच सांगते.

डीट्रिशबद्दल एक गोष्ट मला सांगायलाच हवी. १९३८मध्ये अमेरिकेतल्या स्वतंत्र चित्रगृहमालकांनी जाहिरात देऊन काही नटनट्यांना ‘तिकीटबारीचं विष’ ठरवलं होतं. त्या यादीत कॅथरिन हेपबर्न होती, ग्रेटा गार्बो होती आणि डीट्रिशही होती. निर्माता जो पास्टरनॅकनं तिला या गुत्त्यात उतरवलं आणि ती पुन्हा उभी राहिली. मॅक्स ब्रँडच्या १९३० सालच्या कादंबरीवरून चित्रपट घेतला म्हणतात, पण कादंबरीतला डेस्ट्री तुरुंगातून सुटून ज्यूरीतल्या माणसांचा सूड घेत हिंडतो. नाव सोडून फारसं काही उरलेलं नाही. फ्रेंची चित्रपटवाल्यांचीच.

रेवा: तेवीस वर्षांनी याच स्ट्युअर्टनं तुम्हाला उत्तर दिलंय, काका. जॉन फोर्डचा ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’, १९६२. पुन्हा घोडागाडीतून निःशस्त्र येणारा स्ट्युअर्ट, या वेळी वकील, सोबत कायद्याची पुस्तकं. लिबर्टी व्हॅलन्स त्याला चाबकानं फोडून काढतो. हा खाणावळीत एप्रन बांधून भांडी घासतो, लोकांना वाचायला शिकवतो, आणि शेवटी रस्त्यावर व्हॅलन्ससमोर उभा राहतो. व्हॅलन्स पडतो. वकील सिनेटर होतो. आणि गोळी कुणी घातली? अंधाऱ्या बोळातून जॉन वेननं. कायद्याच्या पुतळ्याखाली पिस्तूल पुरलेलं आहे, फोर्डनं ते उकरून दाखवलं.

वकीलसाहेब: अर्धंच दाखवतेस. व्हॅलन्स कोण? भाडोत्री. त्याला पोसणारे मोठे गुरंवाले, ज्यांना तो मुलूख राज्य व्हायला नको होता, कारण राज्य झालं की कायदा येतो आणि कुरणं हातची जातात. त्या धन्यांना वेनची गोळी लागली का? एकालाही नाही. त्यांना हरवलं कशानं? सभेत हात वर करून. प्रतिनिधी निवडला, राज्य मिळवलं. वेननं फटाकडी उडवली, माळ मतपेटीनं विझवली. तुझ्या चित्रपटात गुंड गोळीनं मेला आणि धनी मतानं. मी दुसरं काय म्हणतोय?

रेवा: पण गोळीशिवाय वकील सभेपर्यंत जिवंत पोचला असता?

वकीलसाहेब: आणि सभेशिवाय गोळीला काय किंमत राहिली असती? लिंकनमध्ये राहिली तेवढी.

याच्यापुढे दोघंही त्याच दोन वाक्यांवर चक्कर मारायला लागले, म्हणून मी मध्ये पडले. दोघांनी डेस्ट्रीच्या कमरेकडे बघण्यात तास घालवला आणि बॉटलनेकची लढाई कशी संपते हे कुणी सांगितलंच नाही.

ते असं आहे. गुत्त्यात केंटची माणसं, बाहेर गावचे पुरुष, दोन्हीकडून गोळ्या. डेस्ट्री छपराकडून आत घुसायच्या बेतात. या मार्गानं फार तर मढी वाढली असती. तेवढ्यात बायका येतात. लाटणी, दांडकी, दंताळी घेऊन, रांगेनं, थेट गोळीबाराच्या मधून. दोन्हीकडच्या बंदुका थांबतात, कारण बायकांवर चालवणार कोण? मग त्या गुत्त्यात शिरतात आणि केंटच्या पिस्तूलवाल्यांना कुटून काढतात. १९७२मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यांवर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे लाटणी घेऊन निघालेला मोर्चा ज्यांनी पाहिला किंवा ऐकला, त्यांना हे दृश्य गंमत वाटणार नाही.

आणि त्यांना गोळा करतं कोण? फ्रेंची. जिनं पहिल्या प्रसंगात कॉफी सांडली तीच. गावातल्या सभ्य बायकांनी जिच्याशी बोलायचंही टाळलं, जिनं त्यांच्यातल्या एकीशी गुत्त्याच्या जमिनीवर लोळून झिंज्या उपटल्या, ती त्याच बायकांना जाऊन सांगते, चला. केंटचं राज्य तिच्याच हातचलाखीवर उभं होतं. तिनं हात काढून घेतला तिथे ते संपलं. डेस्ट्रीचं पिस्तूल त्यानंतर चालतं.

रेवा: पण काकू, ती मरते ना. केंटची गोळी डेस्ट्रीला लागू नये म्हणून मध्ये येते.

मरते, आणि मला तेच खटकतं. गोळी लागल्यावर ती हातानं ओठांचा रंग पुसते आणि मग चुंबन मागते, म्हणजे मरताना तरी सोज्ज्वळ दिसायचं. पुढच्या दृश्यात गाव शांत आहे, डेस्ट्री रुबाबात हिंडतोय, त्याला साजेशी मुलगी शेजारी आहे. लाटणी घेऊन आलेल्या बायका परत स्वयंपाकघरात. त्यांच्यातल्या एकीलाही कुणी पंच केलं नाही की मेयर केलं नाही. स्लेडच्या जागी कोण आलं, हे विचारायचं चित्रपटाला सुचतही नाही. तुम्हा दोघांनाही सुचलं नाही.

वकीलसाहेब म्हणाले, त्या काळच्या काउबॉयांच्या गावात बाई कुठून न्यायाधीश होणार? ही नजीर मात्र माझ्याकडे तयार होती. वायोमिंगमध्ये साउथ पास सिटी नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव होतं. तिथे १८७०मध्ये एस्थर मॉरिस या बाईंची जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमणूक झाली. आधीच्या न्यायाधीशानं कोर्टाचं दफ्तर द्यायला नकार दिला. बाईंनी त्याला अटक करवली आणि मग स्वतःच तो खटला काढून टाकला, कारण आपण स्वतःच त्यात पक्षकार आहोत, तेव्हा हा अधिकार आपला नाही, असा त्यांनी निवाडा दिला. नवं दफ्तर सुरू करून त्या कामाला लागल्या. मेयर स्लेडला एवढं कळत असतं तर डेस्ट्रीला बॉटलनेकमध्ये यायची गरज पडली नसती.

वायोमिंगनं बायकांना मताचा हक्क १८६९च्या डिसेंबरात दिला. पुढच्या मार्चमध्ये लॅरमी गावात बायका ज्यूरीत बसल्या. १८७१मध्ये न्यायमूर्ती बदलले आणि बायकांना ज्यूरीतून काढण्यात आलं.